कच्चं लिंबू आणि नवी कल्पना

गल्लीत लपंडाव ऐन रंगात आलेला असतो. तेवढ्यात एखादी ताई आपल्या चार-पाच वर्षांच्या भावाचा हात धरून येते आणि म्हणते, "आईने सांगितलंय, ह्यालाही घ्यायचं." त्याला धड पळता येत नाही. लपला तरी हसू आवरत नाही, त्यामुळे पहिल्या फटक्यात सापडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. घ्यावं तर खेळाचा विचका, न घ्यावं तर त्याचं भोकाड, आणि त्याला सोडायला ताईही घरी जाणार. मुलं एका वाक्यात तोडगा काढतात: "चालेल, हा कच्चं लिंबू."

या तोडग्यातली अट नीट पाहण्यासारखी आहे. तो पोरगा खेळात खराखुरा असतो. पळतो, लपतो, आरडाओरडा करतो, मोठ्यांच्या मागे धावून खेळाच्या खाचाखोचा शिकतो. फक्त त्याला आउट करायचं नाही आणि त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. ही सूट सगळ्यांना माहीत असते, उघडपणे दिलेली असते आणि काही काळापुरतीच असते.

नवी कल्पना कशी सुचते, या विषयावर मी बरीच वर्षं जमेल तसं वाचत आले आहे. मानसशास्त्रातले प्रयोग वाचले, शास्त्रज्ञांनी स्वतःच्या कामाबद्दल सांगितलेलं वाचलं. त्यातून माझी खात्री झाली ती अशी: नवी कल्पना जन्मते तेव्हा तिची अवस्था त्या चार वर्षांच्या मुलासारखी असते. धड पळता येत नाही, लगेच सापडते, लगेच बाद होते. खेळकर विचार म्हणजे नुसतं हसतखेळत बसणं नव्हे, किंवा डोक्यावर रंगीत टोपी घालून मोठ्या माणसांनी लहान होणंही नव्हे. ठरवून, ठरावीक वेळेपुरतं, कल्पनेला आउट न करणं म्हणजे खेळकर विचार. हे इतकं अवघड का जातं आणि त्याने नेमकं काय साधतं, ते आता सावकाश पाहू.

मेणबत्ती, टाचण्या आणि पेटी

जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांनी एक साधं कोडं तयार केलं होतं. टेबलावर एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि पुठ्ठ्याच्या छोट्या पेटीत भरलेल्या टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर अशी बसवायची की ती पेटल्यावर मेण खाली सांडता कामा नये. लोक काय करतात? टाचणीने मेणबत्ती थेट भिंतीला टोचायला जातात, ती मोडते. मग मेण वितळवून चिकटवायला जातात, ती पडते. उत्तर समोरच असतं. पेटीतल्या टाचण्या बाहेर ओतायच्या, रिकामी पेटी दोन टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची.

पुढे १९५२ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडमसन या संशोधकाने हेच कोडं दोन प्रकारे मांडलं. काहींना टाचण्यांनी भरलेली पेटी दिली, काहींना टाचण्या वेगळ्या आणि पेटी रिकामी. सामान तेच, माणसंही सारखीच. तरी रिकामी पेटी मिळालेल्यांमध्ये कोडं सुटण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट निघालं. पेटी भरलेली असली की डोक्यात तिची ओळख "टाचण्या ठेवायची वस्तू" अशी पक्की होते आणि ती शेल्फ होऊ शकते हे दिसेनासं होतं.

यात माणसाच्या बुद्धीचा दोष नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. सकाळी सातला गॅसवर पोहे असताना उलथण्याचे चाळीस उपयोग मनात येऊ लागले तर डबे वेळेवर भरणार नाहीत. वस्तू पाहिली की तिचं नाव आणि काम लगेच आठवणं ही मेंदूची मोठीच सोय आहे, आणि दिवसाचे पंधरा तास आपण तिच्यावरच जगतो. नवं काही हवं असतं तेव्हा मात्र हीच सोय आडवी येते.

लहान मुलांना ती आडवी येत नाही. टिम जर्मन आणि मार्गारेट डेफायटर यांनी २००० साली पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना असंच पेटीचं कोडं घातलं. पेटीचं नेहमीचं काम आधी दाखवलं की सहा-सात वर्षांची मुलं अडखळली, त्यांना वेळ लागला. पाच वर्षांची मुलं अडखळलीच नाहीत. त्यांच्यासाठी पेटी ही अजून कशाचीही होऊ शकणारी वस्तू होती. कच्च्या लिंबाचं वय आणि हे वय एकच आहे, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आणखी एक प्रयोग याच कोड्यावरचा आहे. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये काही जणांना सांगितलं, लवकर सोडवाल तर पैसे मिळतील. बाकीच्यांना फक्त एवढंच सांगितलं की वेळ मोजतो आहोत. वाटेल की पैशाच्या आशेने लोक झपाट्याने सोडवतील. उलट बक्षीस लावलेल्यांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्त लागली. टाचण्या पेटीबाहेर ठेवून कोडं सोपं केलं तेव्हा मात्र बक्षिसाने वेग वाढला. वाट ठाऊक असेल तर चाबकाने घोडा जोरात धावतो. वाट शोधायची असेल तेव्हा चाबूक त्याची मान सरळच धरून ठेवतो, आजूबाजूला बघूच देत नाही.

खेळाचं काम इथे कळतं. खेळात हरण्याची किंमत कमी असते. चुकलं तर पगार कापला जात नाही, परीक्षेत नापास होत नाही, चारचौघांत हसं होत नाही. किंमत कमी झाली की नजर पसरते, आणि पसरलेल्या नजरेला पेटीत शेल्फ दिसतं.

शुक्रवारची संध्याकाळ

हे सगळं लहान मुलांचं आणि कोड्यांचं झालं. ज्यांच्या कामाला मोजमाप आणि पुरावा लागतो अशा माणसांना खेळ परवडतो का? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम.

१९९७ च्या सुमाराला ते नेदरलँड्समध्ये नायमेखन इथे होते. तिथल्या प्रयोगशाळेत प्रचंड ताकदीचा विद्युतचुंबक होता. पाण्याच्या नळाला चुंबक लावला की क्षार जमत नाहीत, असा दावा करणारी उपकरणं तेव्हा बाजारात विकली जात होती आणि गाइम यांच्या डोक्यात हा विषय घोळत होता. एका शुक्रवारी संध्याकाळी चुंबक पूर्ण शक्तीवर चालू असताना त्यांनी त्याच्या उभ्या नळीत सरळ पाणी ओतलं. महागड्या यंत्रात कुणी पाणी ओतत नाही. आपण असं का केलं, हे नीट आठवत नाही, असं त्यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितलं. पाणी खाली पडलंच नाही. त्याचे गोळे होऊन ते नळीत तरंगत राहिले.

यामागचं शास्त्र नवं नव्हतं. पाणी, लाकूड, माणसाचं शरीर यांना आपण चुंबकाशी देणंघेणं नसलेल्या वस्तू समजतो, पण चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या गतीत किंचित फरक पडतो आणि त्या क्षेत्राला अगदी क्षीण विरोध करतात. याला प्रतिचुंबकत्व म्हणतात. विरोध इतका क्षीण की तो बहुतेक वेळा हिशेबात धरत नाहीत. पण क्षेत्र १६ टेस्लाच्या आसपास नेलं, म्हणजे फ्रिजवर चिकटणाऱ्या चुंबकाच्या हजार पटींहूनही जास्त, की तो विरोध वजनाला पुरून उरतो. हे पाठ्यपुस्तकावरून कुणालाही काढता आलं असतं. तरी बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांचा आधी विश्वास बसला नाही. पेटी सगळ्यांच्या समोर होती, पण टाचण्यांनी भरलेली होती.

मग गाइम यांनी चुंबकात स्ट्रॉबेरी तरंगवली, हेझलनट तरंगवलं आणि एक जिवंत बेडूक तरंगवला. बेडकाला काही इजा झाली नाही. बेडूक तरंगवल्याबद्दल त्यांना आणि भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांना २००० साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. प्रतिचुंबकत्व शिकवताना आज जगभरातले शिक्षक तो बेडूक दाखवतात. २००१ मध्ये गाइम यांनी एका शोधनिबंधावर सहलेखक म्हणून आपल्या पाळीव हॅमस्टरचं नावही घातलं, तिशा नावाच्या. निबंधातलं भौतिकशास्त्र मात्र चोख होतं. खेळ आणि चोखपणा एकाच माणसात कसे नांदतात हे दाखवायला मला हे उदाहरण फार आवडतं.

तेव्हापासून गाइम यांनी एक पद्धतच पाडली. वेळेतला साधारण दहावा भाग अशा प्रयोगांसाठी ठेवायचा, ज्यांचा आपल्या मुख्य कामाशी संबंध नाही आणि ज्यातून काही निघेल याची खात्री नाही. सहकारी त्यांना शुक्रवार संध्याकाळचे प्रयोग म्हणू लागले. जवळपास पंधरा वर्षांत असे दोनेक डझन प्रयोग झाले. बहुतेक फसले. तीन लागले. पहिला तरंगता बेडूक. दुसरा पालीच्या पायांवरून सुचलेली, गोंदाशिवाय चिकटणारी पट्टी, जिच्या आधाराने काचेला लटकलेल्या खेळण्यातल्या स्पायडरमॅनचं छायाचित्र २००३ मध्ये बरंच गाजलं. आणि तिसरा ग्राफीन.

ग्राफीनची गोष्ट पेन्सिलीपासून सुरू होते. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, आणि ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ थरांची चळत. मँचेस्टरमध्ये गाइम यांनी एका नव्या विद्यार्थ्याला ग्राफाइटची वडी देऊन सांगितलं, घासून घासून जमेल तितकी पातळ कर. त्याने घासून तिचा कण केला, पण तोही पुरेसा पातळ नव्हता. शेजारी ओलेग श्क्ल्यारेव्स्की नावाचे अनुभवी संशोधक होते. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइट तपासणारे लोक आधी त्याचा पृष्ठभाग चिकटपट्टीने स्वच्छ करतात. पट्टी लावायची, ओढायची, वरचा मळका थर तिच्याबरोबर निघतो, पट्टी कचऱ्यात जाते. त्यांनी अशी एक वापरलेली पट्टी आणून दाखवली. तिच्यावर चिकटलेले पापुद्रे घासलेल्या कणापेक्षा कितीतरी पातळ होते.

जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं ती पट्टी फेकली जात होती. सगळे पट्टीने स्वच्छ झालेल्या ग्राफाइटकडे बघत होते, पट्टीकडे कुणी बघत नव्हतं. गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी पट्टीवरचे पापुद्रे आणखी सोलत नेले आणि शेवटी एकाच अणूच्या जाडीचा थर हाती आला, तोच ग्राफीन. २००४ मध्ये शोधनिबंध छापून आला, २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

दोन डझनांतून तीन, हे प्रमाण वाचून "मग एकवीस वेळा वेळ वाया गेला की" असं कुणी म्हणेल. मला ते उलट वाटतं. ते एकवीस प्रयोग दहाव्या हिश्श्यात बसवलेले होते. उरलेले नऊ हिस्से नेहमीच्या, चोख, पगार देणाऱ्या कामाचे होते. कच्चं लिंबू एकच असतं, अख्खा डाव कच्च्या लिंबांचा नसतो.

काड्यापेटीतली भूमिती

आता आपल्या जवळचं उदाहरण. अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये इंजिनिअर झाले आणि पुण्याच्या टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामाला लागले. १९७८ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. गावातल्या शाळांमध्ये प्रयोगाचं साहित्य नव्हतं. जे होतं ते आठवडी बाजारात होतं.

बाजारात सायकलवाल्याकडे व्हॉल्वची बारीक रबरी नळी मिळायची. ट्यूबमधली हवा परत बाहेर येऊ नये म्हणून ती व्हॉल्ववर चढवतात. गुप्तांनी तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि त्यात गूल खरवडलेल्या काड्या दोन्हीकडून खोचल्या. काडी आणि नळी घट्ट बसली, तरी सांधा वाकतो. नळीच्या मध्यावर सुईने किंवा काट्याने भोक पाडलं की तिसरी काडीही खोचता येते. एवढ्यावर अख्खी भूमिती उभी राहिली.

हे हातात धरून पाहायला हवं. चार काड्यांचा चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर हलकंसं दाबा. तो कलंडतो, शंकरपाळ्यासारखा होतो. पाच काड्यांचा पंचकोनही असाच डगमगतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबा, हलत नाही. बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरून जातो, त्याला दुसरा पर्यायच नाही. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवूनही कोन बदलता येतात, म्हणून तो ढिला. मग चौकोनात एक तिरकी काडी घातली की तोही ताठ होतो, कारण आता तो दोन त्रिकोणांचा झाला. नववीच्या पुस्तकातलं प्रमेय बोटांना कळतं. त्यानंतर रेल्वेचा पूल, विजेच्या तारांचा मनोरा, गोठ्याच्या पत्र्याखालच्या कैच्या, जिकडे बघावं तिकडे त्रिकोण दिसू लागतात.

व्हॉल्वची नळी, काडी आणि भूमिती या तीन गोष्टी कधी एका ताटात आल्या नव्हत्या. नळी सायकलवाल्याची, काडी चुलीची, भूमिती फळ्यावरची. त्या एकत्र आल्या, कारण कुणीतरी बाजारात "मला काय विकत घ्यायचं आहे" असा विचार न करता "ह्याचं काय काय होईल" असा विचार करत फिरत होतं. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात २००३ पासून २०१४ पर्यंत त्यांनी हेच काम केलं. रिकाम्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या सीडी, झाडूचे हीर. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊतून टिकाऊ हा शब्द आपण शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला इतका घासला की त्याची धारच गेली. पेपरच्या सुरळ्यांची फुलदाणी म्हणजे टिकाऊ, एवढंच उरलं. गुप्तांच्या खेळण्यात टिकतो तो कागद किंवा काडी नव्हे, मुलाच्या डोक्यात गेलेलं तत्त्व टिकतं.

खोटं-खोटं, उलटं आणि दूरची गाठ

प्रत्यक्षात हे करायचं कसं? पद्धतींची मोठी यादी देता येईल, पण मला वाटतं तीन पुरतात, आणि तिन्ही आपल्याला लहानपणापासून येतात. उदाहरणाला एक रोजचा प्रश्न घेऊ: गावातल्या वाचनालयात मुलं येत नाहीत.

पहिलं, खोटं-खोटं. भातुकलीत वाळूचा भात होतो आणि तो "खोटं-खोटं" खायचा असतो. ही थाप नव्हे. खाणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं की ही वाळू आहे, तरी दोघं पोटभर जेवतात. मराठीत याला आणखी एक छोटा शब्द आहे, "समजा". सोळाव्या वर्षी आइन्स्टाइन यांनी मनाशी म्हटलं, समजा मी प्रकाशाच्या झोताच्या मागे प्रकाशाच्याच वेगाने धावलो तर काय दिसेल? असं धावता येत नाही हे उघड आहे. पण त्या खोट्या-खोट्या धावण्यातून जो पेच दिसला तो त्यांनी वर्षानुवर्षं सोडला नाही आणि १९०५ मध्ये सापेक्षतेचा सिद्धांत आला. आपल्या वाचनालयापाशी येऊ. समजा वाचनालयाला इमारतच नाही. समजा पुस्तक परत करायची परवानगीच नाही, फक्त पुढच्याला द्यायचं. समजा पुस्तकांनाच मुलं निवडायचा अधिकार आहे. यातलं एखादं वाक्य अगदी बावळट वाटेल. वाटू दे, ते अजून कच्चं लिंबू आहे.

इमारत नसलेलं वाचनालय खरं म्हणजे साताऱ्यात उभं आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याजवळचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली आहेत. एका घरी कविता, दुसरीकडे चरित्रं, आणखी कुठे बालसाहित्य. कुणीही यावं आणि बसून वाचावं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांसाठी नावाजलेल्या गावावरून ही कल्पना सुचली. पण तिथे दुकानं आहेत, इथे घरांच्या ओसऱ्या. उसनी कल्पना आपल्या मातीत आणताना "दुकानाऐवजी ओसरी" एवढा एक बदल झाला आणि गोष्ट वेगळीच झाली.

दुसरं, उलटं करून पाहणं. मुलांनी वाचनालयात अजिबात येऊ नये म्हणून काय काय करावं लागेल? ही यादी भराभर होते, कारण बिघडवायच्या गोष्टी सुचायला भीती वाटत नाही. वेळ शाळेचीच ठेवा. कपाटांना कुलूप आणि किल्ली काकांच्या खिशात. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर. "शांतता राखा" ही पाटी दारातच. पान फाटलं तर दंड. पुस्तक निवडायचं वहीतल्या नावांवरून, हात लावून नाही. आता ही यादी घेऊन खऱ्या वाचनालयात जा आणि यातल्या किती गोष्टी आधीपासून चालू आहेत ते मोजा. एकेकीवर उलट बोट ठेवलं की पुढच्या आठवड्याचं काम तयार होतं.

तिसरं, दूरची गाठ. प्रश्नाशी काहीही संबंध नसलेला एक शब्द कुठूनही उचलायचा. मी आत्ता खिडकीबाहेर बघते, रिक्षा उभी आहे. वाचनालय आणि रिक्षा. शाळेच्या रिक्षात मुलं रोज वीस-पंचवीस मिनिटं बसलेली असतात, तिथे सीटच्या मागे पाच पुस्तकांची कापडी पिशवी लटकवता येईल. शेअर रिक्षासारखं शेअर पुस्तक, तिघांनी मिळून एक घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं. मीटर: प्रत्येक पुस्तकाच्या मागे कार्ड, त्यावर आधीच्या वाचकाने लिहायचं की कुठल्या पानावर हसू आलं. स्टॅंड: बाजाराच्या दिवशी आई भाजी घेईपर्यंत मुलाने थांबायची जागा, चटई आणि दहा पुस्तकं. पाठीमागचा आरसा यावरून मला काहीच सुचलं नाही. पुस्तकाची पिशवी उद्या करून पाहता येईल, शिवायला तासभर लागेल.

गाठ दूरची का घ्यायची, तर जवळची गाठ आधीच बांधलेली असते. वाचनालय म्हटलं की पुस्तक, कपाट, खुर्ची, शांतता हे शब्द आपोआप येतात, आणि त्या वाटेने गेलेल्या सगळ्यांना तेच सापडलेलं असतं. रिक्षा आली की मनाला पायवाट सोडावीच लागते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, सुरुवातीला जे सुचतं ते बहुतेक आठवलेलं असतं. नारळाच्या करवंटीचे उपयोग लिहायला बसा. डाव, पणती, कुंडी, भांडी घासायला काथ्यासोबत, चुलीत जळण. मिनिटभरात आठवण संपते आणि मन कोरडं पडतं. बरेच लोक इथेच पेन ठेवतात. पण मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की वेळ जातो तसं सुचण्याचा वेग उतरतो, पण सुचलेल्याचं वेगळेपण वाढतं. ते कोरडे क्षण ओलांडले की रेडिओवरच्या श्रुतिकेतल्या घोड्याच्या टापा येतात, दोरी बांधून पायाखाली घेतलेल्या करवंट्यांवरचं ठकठक चालणं येतं, पावसाचं माप येतं. म्हणून वीस मिनिटं ठरवली असतील तर विसावं मिनिट संपेपर्यंत उठू नये.

चौघं एकत्र बसली की

खेळ म्हटलं की गट डोळ्यांसमोर येतो. जाहिरात क्षेत्रातले अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी १९५३ मध्ये ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम लोकप्रिय केले: टीका करायची नाही, भरपूर सुचवायचं, वेड्या कल्पनांना मज्जाव नाही, एकमेकांच्या कल्पनांवर इमला चढवायचा. नियम चांगलेच आहेत, त्यातला पहिला तर थेट कच्च्या लिंबाचा आहे. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात मोजून पाहिलं तेव्हा दिसलं की चौघांच्या गटापेक्षा एकेकट्या बसलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जवळपास दुप्पट भरतात. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण शोधलं, आणि ते अगदी घरगुती आहे. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत आपली कल्पना धरून बसतात, आणि धरून बसलं की दुसरी सुचत नाही, तोवर पहिलीही निसटते.

त्यामुळे ऑफिसात, बचतगटात, शिक्षकांच्या बैठकीत आधी दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापल्या कागदावर लिहावं. मग कागद फिरवावेत. सर्वात वरच्या पदावरच्या माणसाने सर्वात शेवटी बोलावं, कारण साहेबांची पहिली मान हलली की बाकीच्या कल्पना न सांगताच आउट होतात.

राज्य

इतका वेळ मी कल्पनेला आउट करू नका म्हणते आहे. पण कच्चं लिंबू कायमचं नसतं, आणि हा भाग विसरला की सगळाच खेळ वाया जातो.

पाण्याचे गोळे तरंगले म्हणून गाइम थांबले नाहीत. जुनं साहित्य काढून वाचलं, असं तरंगणं स्थिर का राहतं याचं गणित मायकेल बेरी यांच्याबरोबर मांडलं. चिकटपट्टीवर पापुद्रे दिसले त्या दिवशी ग्राफीनचा शोध लागला असंही झालं नाही. ते पापुद्रे वेगळे करणं, त्यांना बारीक तारा जोडणं, त्यातून वीज कशी वाहते ते पुन्हा पुन्हा मोजणं यात बरेच महिने गेले. निबंध एका मोठ्या नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. खेळाची ती संध्याकाळ एकच होती, तपासणीचे दिवस त्याच्या कितीतरी पट.

मी स्वतःसाठी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर जे सुचेल ते तारखेसह, खोडायचं नाही. उजवं पान कोरं. आठवड्यातून एकदा, दुसऱ्याच एखाद्या दिवशी, उजव्या पानावर प्रश्न लिहायचे: हे कुणाला लागेल? किती पैसे पडतील? उद्या याचा कोणता लहानसा तुकडा करून पाहता येईल? डावं आणि उजवं पान एकाच बैठकीत लिहायचं नाही, एवढा एकच नियम मी कडक पाळते. दोन्ही कामं एकदम करायला गेलं की प्रश्न नेहमी जिंकतात, कारण प्रश्न मोठे झालेले असतात आणि कल्पना अजून चार वर्षांची असते.

बऱ्याच नोंदी डावीकडेच राहतात. काही उजवीकडच्या पहिल्याच प्रश्नाला पडतात, आणि त्या पडाव्यातच. एखादी मात्र प्रश्नांना उत्तरं देऊ लागते. गल्लीत हे कसं घडतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तो धाकटा भाऊ वर्षभर मागे मागे धावतो, लपायच्या जागा शिकतो, हसू दाबायला शिकतो. मग एका संध्याकाळी तो पाण्याच्या टाकीमागे असा लपतो की दहा मिनिटं कुणाला सापडत नाही. सापडल्यावर नेहमीच्या सवयीने कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे रे, तो कच्चं लिंबू आहे," आणि ज्याच्यावर राज्य असतं तो मुलगा धापा टाकत म्हणतो, "आता नाही. आता ह्याच्यावरपण राज्य द्यायचं."